आपत्तीस्थळाचे हौशी ड्रोनचित्रण

आग, पूर, दरड, इमारत कोसळणे किंवा मोठा अपघात अशा ठिकाणी मदतकार्य चालू असताना, सरकारी यंत्रणेबाहेरच्या व्यक्तीने स्वतःच्या लहान ड्रोनने केलेले हवाई चित्रण. यासाठी भारतात वेगळा कायदा नाही. ड्रोन नियम २०२१, पोलिसांचे मनाई आदेश आणि आपत्ती व्यवस्थापनातील अधिकाऱ्यांच्या सूचना यांतून त्याची चौकट ठरते. महाराष्ट्रात असा ड्रोन बहुधा लग्नाचे आणि प्री-वेडिंगचे शूटिंग करणाऱ्याच्या बॅगेत असतो. गावात पूर आला की पहिला फोन त्यालाच जातो, आणि मुख्य प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हा प्रश्न उंचीचा आहे. नियमांनुसार हिरव्या, म्हणजे ड्रोनला मोकळ्या ठेवलेल्या, क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवता येतो. एरवी या पट्ट्यात विमाने फिरकत नाहीत, म्हणून तो ड्रोनवाल्यांना आपला वाटतो. आपत्तीत मात्र हेलिकॉप्टर नेमके याच पट्ट्यात उतरते. छतावर अडकलेल्यांना दोराने उचलायचे, अन्नाची पाकिटे टाकायची, जखमींना न्यायचे, तर खाली यावेच लागते. २०२१ च्या जुलैत चिपळूण-खेड भागातल्या पुरात हवाई दलाची हेलिकॉप्टरे मदतीला आली होती. अशा वेळी वैमानिकाला तळहाताएवढा राखाडी ड्रोन समोर येईपर्यंत दिसत नाही, आणि नेहमीच्या रडारवरही तो सहसा उमटत नाही. नियमांत माणसे वाहून नेणाऱ्या विमानाला अग्रक्रम दिलेला आहे. बाजूला होण्याची जबाबदारी नेहमी ड्रोनचीच.

‘माझा ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला, त्याने काय होणार?’ हा युक्तिवाद ९ जानेवारी २०२५ रोजी निकालात निघाला. लॉस एंजेलिसजवळच्या पॅलिसेड्स वणव्यावर पाणी टाकणाऱ्या सीएल-४१५ विमानाला डीजेआय मिनी ३ प्रो हा याच वजनगटातला ड्रोन धडकला. कॅनडातल्या क्वेबेकहून मदतीला आलेले हे विमान तळ्यावरून किंवा समुद्रावरून न थांबता काही सेकंदांत सुमारे सहा हजार लिटर पाणी उचलते. त्याच्या डाव्या पंखाला भोक पडले आणि वणवा भरात असताना ते काही दिवस जमिनीवर राहिले. ड्रोनवाल्याने सांता मोनिकातल्या एका पार्किंग इमारतीवरून उड्डाण केले होते. अडीच किलोमीटरवर गेल्यावर ड्रोन त्याच्या नजरेआड झाला. गुन्हा कबूल करताना त्याने ६५,१६९ डॉलर भरपाई आणि १५० तास समाजसेवा मान्य केली. त्या वेळी तिथे उड्डाणबंदी लागू होती. याआधी २०१५ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीत महामार्गावरची वाहने पेटली, तेव्हाही ड्रोन दिसल्यामुळे पाणी टाकणारी विमाने काही वेळ थांबवावी लागली होती. धडक व्हावीच लागते असे नाही. ड्रोन नुसता दिसला तरी विमान मागे फिरते.

भारतीय नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनोसाठी, तसेच पैसे न घेता उडवलेल्या मायक्रोसाठी, पायलट प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाची ऑर्डर घेणारा मात्र मायक्रो ड्रोनवर ‘हौशी’ म्हणवून घेऊ शकत नाही. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपत्तीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद तात्पुरत्या लाल क्षेत्राची. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत एखादा परिसर ड्रोनसाठी बंद करू शकतो, आणि तो ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ऑनलाइन ड्रोन नकाशावर दाखवला जातो. त्यामुळे सकाळी हिरवी दिसलेली जागा दुपारी हिरवी असेलच असे नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात तर एरवीही हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लोहगाव विमानतळामुळे पुण्याचा बराच भाग निर्बंधांत येतो. मुंबईत पोलीस आयुक्तालय वेळोवेळी मनाई आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर यांवर बंदी घालते. तिथे हौशी चित्रणाला जवळजवळ वाव नाही.

प्रत्यक्ष उडवताना एक धोका ड्रोनच्या सुरक्षा सोयीतूनच येतो. सिग्नल तुटला की बहुतेक ड्रोन ‘रिटर्न टू होम’, म्हणजे उड्डाणाच्या जागी आपोआप परतणे, सुरू करतात. ते आधी ठरलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतात, मग घरी वळतात. ती उंची कोणीतरी मागच्या शूटिंगला झाडे चुकवण्यासाठी शंभर मीटर करून ठेवलेली असते. म्हणजे ४० मीटरवर घिरट्या घालणारा ड्रोन, कोणी काही न करता, हेलिकॉप्टरच्या वाटेत चढतो. अनुभवी उडवणारे म्हणूनच उड्डाणाआधी ही उंची तपासतात. हेलिकॉप्टरचा आवाज कानावर पडताच ते घरी परतण्याचे बटण दाबत नाहीत. ड्रोन आहे तिथेच खाली आणतात, मग तो चिखलात पडला तरी चालेल.

दरडीखाली अडकलेल्यांचा शोध चालू असताना दुसरीच अडचण येते. बचाव पथके मधूनमधून पोकलेन, जनरेटर सगळे बंद करून ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकतात. त्या शांततेत पन्नास मीटरवरच्या चार पात्यांची घरघर स्पष्ट ऐकू येते. अशा वेळी ड्रोन खाली ठेवण्याचा उल्लेख नियमांत नाही. तो अंगवळणी पाडायचा शिष्टाचार आहे. पावसाळी डोंगरात वीजतारा आणि अचानक येणारे ढग यांची भर असतेच, आणि बहुतेक हौशी ड्रोन पावसासाठी बनवलेले नसतात.

ड्रोन उपयोगी पडतो हेही खरे. २०१३ च्या उत्तराखंड महापुरात आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचे ‘नेत्र’ ड्रोन शोधकार्यात वापरले गेले. मात्र ती यंत्रणेने बोलावून घेतलेली मदत होती. हौशी माणसाने जिल्हा नियंत्रण कक्षाला (१०७७) आपल्याकडे ड्रोन असल्याचे कळवावे आणि घटनास्थळावरचा अधिकारी सांगेपर्यंत तो बॅगेतच ठेवावा. सांगितल्यावरही डोक्यावर न जाता बाजूने, तिरप्या कोनातून घेतलेले लांबचे दृश्य जास्त कामाचे: रस्ता कुठे तुटला, पाणी कुठून शिरते आहे, कोणत्या छतावर माणसे आहेत. पालिकेच्या किंवा तहसीलच्या माणसाला याच गोष्टी हव्या असतात.

थेट प्रक्षेपणाबाबत आपल्याकडे कटू अनुभव आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरताना वाहिन्यांनी ते थेट दाखवले, म्हणजे शत्रूलाही ते दिसत होते. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद करण्यात आले. ते नियम वाहिन्यांसाठी आहेत, पण आज ते काम खिशातला फोन आणि ड्रोन करू शकतात. पुरात किंवा अपघातात शत्रू नसतो. तिथे मुद्दा नातेवाइकांचा असतो: आपल्या माणसाच्या मृत्यूची बातमी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरच्या क्लिपमधून कळू नये. मृतदेह, जखमींचे चेहरे, गाड्यांचे नंबर आणि घराचा नेमका पत्ता सांगणारी चौकट झाकूनच चित्रण बाहेर काढतात, तेही मदतकार्य संपल्यावर.

पोलिसांना चित्रण द्यायचे असेल तर कार्डावरची मूळ फाइल न छेडता ठेवावी लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा, लिहायचे असते. संगीत घालून, वेग कमी करून एक्स्पोर्ट केलेल्या रीलचे हॅश मूळ फाइलशी जुळत नाही.