वजनकाटा हॉलमधून का हलवला?
(आमच्या व्यायामशाळेच्या सभासदांसाठी)

"काटा कुठे गेला?" हे गेले दोन महिने रोज कुणी ना कुणी विचारतंय. काटा ऑफिसात आहे. महिन्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी त्यावर उभं राहायचं. एरवी नाही. काही जण यावरून नाराज आहेत, म्हणून कारण लिहून देतोय.

तिसरा-चौथा आठवडा सगळ्यात नाजूक. माणूस नेमाने डंबेल उचलतोय, स्क्वॉट मारतोय, आणि काटा 800 ग्रॅम जास्त दाखवतो. की लगेच वेट बंद, पाऊण तास ट्रेडमिल, रात्रीचं जेवण बंद. पुढच्या महिन्यात तो येतच नाही. नाहीतर चार महिन्यांनी येतो आणि रिकाम्या बारपासून (वजन न लावलेल्या लोखंडी दांड्यापासून) पुन्हा सुरुवात करावी लागते.

ते 800 ग्रॅम म्हणजे चरबी नव्हे. नव्या व्यायामाने दुखलेले स्नायू भरून येताना काही दिवस पाणी धरून ठेवतात. शिवाय स्नायू साखरेचा साठा करतात, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी साठतं. काट्याला पाणी, स्नायू, चरबी यातलं काहीच वेगळं कळत नाही.

नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. तिशीनंतर दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के स्नायू तसेही घटतात. त्यात उपासाची भर पडली की काटा खूश होतो, पण जिना चढताना मांड्या थरथरतात आणि उतरलेलं वजन लवकर परत येतं.

स्नायू वाढले की बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात, असं सर्रास सांगतात. आम्ही सांगत नाही. एक किलो स्नायूला दिवसाला जेमतेम 13 कॅलरी लागतात, म्हणजे दोन-चार शेंगदाणे. खरा फायदा वेगळा आहे. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायूच. त्यामुळे घरात डायबेटिस असणाऱ्यांना आम्ही हा ताकदीचा व्यायाम आवर्जून करायला लावतो. हाडांवर भार आला की हाडंही टिकतात, आणि पाळी गेल्यावर बायकांना त्याची फार गरज असते. (दंड पुरुषी होतील ही भीती सोडा. तसं होत नाही.) चालणं चालू ठेवाच. आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

मग मोजायचं काय? तुमची वही. गावाकडे तालमीत वाढलेल्यांना हे नवीन नाही: जोर किती, बैठका किती, हाच तिथला हिशेब. सकाळच्या बॅचच्या एका काकूंची वही समोर आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही." बारा आठवड्यांनी वजन फक्त 800 ग्रॅम उतरलंय. पण कंबर 96 सेंटिमीटरवरून 91 वर आली आणि त्या 10 किलोचं डंबेल छातीशी धरून दहा बैठका मारतात. भरलेला गॅस सिलिंडर, जवळपास 30 किलोचा, परवा त्यांनी कुणाला हाक न मारता तिरका करून जागेवर सरकवला. काट्याच्या भरवशावर राहिल्या असत्या तर पहिल्या महिन्यातच थांबल्या असत्या.

टेप बेंबीच्या रेषेत धरा, पोट आत ओढू नका. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटरच्या पुढची कंबर धोक्याची धरतात.

जेवणाचं थोडक्यात: 60 किलोच्या माणसाला रोज निदान 50 ग्रॅम प्रोटीन हवं. अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं. डाळ, मटकी, दही, अंडी, मासे यांनी भागतं. प्रोटीन पावडरचे डबे विकत घ्यायची सक्ती आमच्याकडे नाही.

ब्लडप्रेशर, हृदयविकार किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आणि उचलताना श्वास रोखू नका.

पहिले दोन आठवडे आम्ही उचलायचं वजन वाढवू देत नाही, याचीही तक्रार येते. त्या काळात सांधे आणि पाठ सरळ राहायला शिकतात, म्हणून हा नियम बदलणार नाही. दर महिन्याची मोजणी आणि वहीतली नोंद फीमध्येच आहे. मध्येच सोडून गेलेल्यांच्या वह्याही कपाटात जपून ठेवल्यात. या, जिथे थांबलात ते पान काढून ठेवतो.