'सेल्मा'मधल्या किंग यांच्या तोंडी किंग यांचे शब्द का नाहीत

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या सेल्मा या गावी 1965 मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी झालेल्या आंदोलनावर 'सेल्मा' (2014) हा चरित्रपट आहे. तो ज्या माणसावर आहे, त्याची ओळखच मुळी त्याच्या वाणीची. तरीही त्यातली मार्टिन लूथर किंग यांची भाषणे खरी नाहीत. मूळ शब्दांवर स्वामित्वहक्क असल्याने दिग्दर्शिकेने ती नव्याने लिहिली. 25 मार्च 1965 रोजी माँटगोमेरीत किंग यांनी 'अजून किती काळ? फार काळ नाही' अशी लय धरली होती. चित्रपटात तिथे 'लवकरच, अगदी लवकरच' असे शब्द येतात. सूर तोच, मजकूर निराळा.

याचे मूळ थेट 1963 मध्ये सापडते. वॉशिंग्टनमधल्या 28 ऑगस्टच्या 'आय हॅव अ ड्रीम' या भाषणाच्या ध्वनिमुद्रिका परस्पर विकल्या जाऊ लागल्यावर खुद्द किंग यांनीच स्वामित्वहक्काची नोंद केली आणि ऑक्टोबरमध्ये कोर्ट गाठले. त्यामुळे पुढच्या सगळ्याचे खापर वारसांवर फोडणे न्यायाचे नाही. पण 1968 मध्ये किंग यांची हत्या झाल्यावर हक्क वारसांकडे गेले आणि पकड घट्ट होत गेली, हेही खरे. 1994 मध्ये एका वाहिनीने त्या भाषणाचे स्वतःच टिपलेले चित्रण माहितीपटात वापरले, तर तिच्यावरही दावा. दोन लाखांवर माणसांसमोर झालेले, देशभर थेट प्रक्षेपित झालेले भाषण. ते सर्वांचे झाले, असे खालच्या कोर्टाने 1998 मध्ये म्हटले. वरच्या कोर्टाने 1999 मध्ये ते फिरवले: जाहीरपणे बोलणे म्हणजे कायद्याच्या अर्थाने प्रकाशन नव्हे! 2000 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, त्यामुळे प्रश्नाचा कायमचा निकाल काही लागला नाही. पुढे वॉशिंग्टनमधले किंग यांचे स्मारक उभारणाऱ्यांनाही त्यांचे शब्द आणि छबी वापरण्यासाठी सुमारे 8 लाख डॉलर मोजावे लागले.

चित्रपटासाठीचे हक्क 2009 मध्येच एका बड्या निर्मात्याकडे गेले होते. त्याचा चित्रपट 'सेल्मा' येईपर्यंत काही तयार झाला नाही, पण दार मात्र बंद झाले.

गंमत अशी की, अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कामकाजातल्या मजकुरावर स्वामित्वहक्क नसतो. म्हणून 15 मार्च 1965 रोजी अमेरिकी संसदेसमोर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जे बोलले, ते चित्रपटातल्या जॉन्सन यांना खुशाल बोलता येते. किंग यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या नोंदीही पडद्यावर अक्षरे होऊन उमटत राहतात. पाळत ठेवणाऱ्यांची भाषा मोकळी आणि ज्याच्यावर पाळत होती, त्याची कुलपात.

प्रदर्शनानंतर गाजला तो मात्र वेगळाच वाद. चित्रपटातले जॉन्सन मतदान हक्काच्या कायद्याबाबत टाळाटाळ करणारे दिसतात. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने तर सेल्मातल्या आंदोलनाची कल्पनाच जॉन्सन यांची होती, असा दावा केला. जानेवारी 1965 मधल्या ध्वनिमुद्रित फोनवर जॉन्सन किंग यांना दक्षिणेतले अन्यायाचे सर्वांत वाईट उदाहरण शोधून ते लोकांपुढे मांडायला सांगतात, हे खरे. पण तोवर आंदोलन सेल्मात पोचलेलेच होते आणि स्थानिक कृष्णवर्णीय त्याआधीपासून मतदार नोंदणीसाठी तिथे झगडत होते. चित्रपटाने जॉन्सन यांना थोडे खुजे केले असेल; सहकाऱ्याने सेल्माच्या लोकांनाच गाळले.

6 ऑगस्ट 1965 रोजी त्या कायद्यावर सही झाली. त्यातली मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायला लावणारी तरतूद कोणत्या राज्यांना आणि भागांना लागू, हे ठरवणारे कलम सर्वोच्च न्यायालयाने जून 2013 मध्ये रद्द केले. खटला अलाबामातूनच आला होता, आणि पुढच्याच वर्षी तिथे या चित्रपटाचे चित्रीकरण झाले.