घाईतला चोर आणि उसंत मागणारा मेंदू

"तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डवरून गंभीर गुन्हा घडला आहे." फोनवरचा आवाज शांत असतो. भाषा बहुतेकदा हिंदी, मधूनमधून कायद्याच्या कलमांचे आकडे. मग कॉल 'वरिष्ठ साहेबां'कडे जोडला जातो आणि व्हिडिओ सुरू करायला सांगितलं जातं. पडद्यावर खाकी गणवेश दिसतो, मागच्या भिंतीवर बोधचिन्ह असतं. खोलीचं दार लावून घ्या, घरात कोणाला काही सांगू नका, फोन ठेवलात तर लगेच अटक होईल. या प्रकाराला 'डिजिटल अरेस्ट' असं भारदस्त नाव मिळालं आहे. आपल्या कायद्यात अशी कुठलीही अटक नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून सांगितलं. तरीही पुण्यातल्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या येत राहिल्या. फसलेल्यांमध्ये निवृत्त अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, आयुष्यभर आकडेमोड केलेले इंजिनिअर आहेत.

बातमी वाचून कट्ट्यावर ठरलेला शेरा पडतो, "एवढी शिकलेली माणसं, आणि इतकी साधी गोष्ट कळू नये?" हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. कळण्याचं काम मेंदूचा जो भाग करतो, तोच भाग या चोराने पहिल्या दोन-तीन मिनिटांत बंद पाडलेला असतो. तिथे पदवी उपयोगाला येत नाही.

धोक्याची चाहूल लागली की मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना असलेले अमिग्डाला नावाचे छोटे भाग जागे होतात. क्षणार्धात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. छाती धडधडते, तळहात ओले होतात, तोंडाला कोरड पडते. इकडे मेंदूतही नॉरॲड्रिनॅलिन नावाचं रसायन वाढतं. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी अनेक वर्षं या रसायनाचा कपाळामागच्या भागावर, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर, होणारा परिणाम अभ्यासला. हे रसायन बेताचं असेल तर तिथल्या पेशींचे आपसातले दुवे घट्ट होतात आणि माणूस सावध, तल्लख राहतो. प्रमाण फार वाढलं की तेच रसायन पेशींवरच्या वेगळ्या प्रकारच्या ग्राहींवर, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागांवर, काम करू लागतं आणि दुवे सैल पडतात. मग दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणं, त्यांची तुलना करणं, "थांब, हे पटत नाही" असं स्वतःला म्हणणं जमेनासं होतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तसंच हे आहे. पूल तुटलेला नसतो, पण पाणी उतरेपर्यंत त्यावरून कोणाला जाता येत नाही.

पाणी उतरायला लागणारा वेळ हाच या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. ॲड्रिनॅलिनचा पहिला लोट काही मिनिटांत ओसरू लागतो. कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक सावकाश चढतं. ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिखर गाठतं आणि खाली यायला तासभर किंवा जास्तही घेतं. चोराने ही संशोधनं वाचलेली नसतात, पण धंद्याच्या अनुभवाने त्याला एवढं नक्की कळलेलं असतं की समोरच्याला उसंत मिळू द्यायची नाही. म्हणून दर थोड्या वेळाने नवा 'साहेब', नवी नोटीस, नवी धमकी. काही ठिकाणी तर कॅमेरा रात्रभर चालू ठेवायला लावतात. त्यामागेही हिशेब आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या तरुणांना दुसऱ्या दिवशी अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली, तेव्हा त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद झोप झालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त होता. कपाळामागच्या भागाचा त्यावरचा लगामही ढिला पडलेला होता.

मग भीतीच नसती तर? विज्ञानाकडे या प्रश्नाचं जवळजवळ थेट उत्तर आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी एका स्त्रीचा अनेक वर्षं अभ्यास केला. शास्त्रीय लेखांत तिचा उल्लेख फक्त 'एस. एम.' या आद्याक्षरांनी होतो. एका दुर्मीळ आजाराने तिच्या दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले होते. साप, कोळी, भुताटकीचे खेळ, यांतल्या कशानेच ती घाबरत नसे. एकदा रात्री ती एकटी बागेतून चालली असताना बाकावरच्या एका माणसाने तिला जवळ बोलावलं, खाली ओढलं आणि गळ्याला सुरी लावली. जवळच्या चर्चमध्ये भजनाचा सराव चालला होता. ती अगदी सहज म्हणाली की मला मारायचं असेल तर आधी माझ्या देवाच्या दूतांशी गाठ आहे. तो माणूस गोंधळला आणि त्याने तिला सोडून दिलं. ती पळाली नाही, चालत घरी गेली.

गोष्ट इथेच संपवली तर ती शौर्यकथा होईल. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच बागेच्या वाटेने गेली. तिच्या आयुष्यात जिवावर बेतणारे प्रसंग एकामागून एक येत राहिले, कारण कशापासून लांब राहायचं हे तिला कळतच नव्हतं. त्या रात्रीचं तिचं उत्तर लागू पडलं, पण त्याला हुशारी म्हणायला मी तयार नाही. धोका ओळखणारी भीती हवीच. ती आली की तिने निरोप द्यावा आणि बाजूला सरकून विचाराला जागा द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

आता त्या खाकी गणवेशाकडे वळू. १९६१ मध्ये येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. करड्या रंगाचा कोट घातलेला प्रयोगकर्ता सांगत होता म्हणून ४० पैकी २६ जणांनी शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचा ४५० व्होल्टपर्यंतचा झटका 'दिला'. झटके खोटे होते आणि पलीकडचा माणूस प्रयोगात सामील होता. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्तही आहे. पण त्याचे जे इतर प्रकार मिलग्रॅम यांनी करून पाहिले त्यांची चर्चा कमी होते, आणि आपल्याला तेच उपयोगाचे आहेत. प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन फोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत ऐकणारे जेमतेम पाचात एक उरले. गंमत म्हणजे काही जण फोनवर "हो, वाढवला" म्हणत होते आणि प्रत्यक्षात हलका झटका देत होते! आणखी एका प्रकारात शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी "आम्ही नाही करणार" म्हणून हात वर केले. तिथे शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त चार.

चोराच्या दोन अटी आता वेगळ्या दिसू लागतात. नुसत्या आवाजाचा दरारा कमी पडतो, म्हणून त्याला व्हिडिओ हवा, गणवेश हवा, मागची भिंत हवी. आणि शेजारी 'नाही' म्हणणारं कोणी नको, म्हणून दार बंद हवं. घरातलं कोणी सहज डोकावून "कोणाशी बोलताय एवढा वेळ?" असं विचारलं तरी त्याचा खेळ मोडू शकतो. सोसायटीतल्या चौकश्या करणाऱ्या काकूंना आपण उगाच नावं ठेवतो.

समजा, कर्वेनगरमधल्या एका निवृत्त शिक्षिकेला असा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता, मीच येते ना. पोलीस ठाणं घरापासून जवळच आहे. तुमचं नाव सांगून ठेवते आणि तिथूनच तुम्हाला जोडून घेते." त्यात उद्धटपणा नाही, भांडण नाही, पण चोराची पंचाईत होते. अल्डर्ट व्राय हे मानसशास्त्रज्ञ खोटं बोलण्याच्या ओझ्याविषयी बरंच संशोधन करत आले आहेत. खरं बोलणारा आठवून बोलतो. खोटं बोलणाऱ्याला गोष्ट रचावी लागते, आधी काय बोललो ते लक्षात ठेवावं लागतं आणि समोरच्याला पटतंय का तेही पाहावं लागतं. घडलेली हकिकत उलट्या क्रमाने सांगायला लावली किंवा अपेक्षेबाहेरचा प्रश्न टाकला की त्याच्यावरचा ताण वाढतो आणि सांधे दिसू लागतात. ठरलेल्या संहितेवर चालणाऱ्या टोळीला आडवळणाचा प्रश्न म्हणूनच परवडत नाही. आडवळणाचे प्रश्न विचारण्यात पुणेकरांना शिकवणीची गरज पडू नये.

मात्र इथे सावध राहायला हवं. प्रश्न विचारून मी त्याला पकडेन, हा फाजील आत्मविश्वास आहे. २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात. त्यामुळे चेहरा वाचायच्या फंदात पडू नये. प्रश्नाचं काम एवढंच, की त्याची लय बिघडावी आणि आपल्याला श्वास घ्यायला जागा मिळावी. त्यानंतर फोन ठेवायचा. काही उत्साही मंडळी चोराला तासभर झुलवून त्याचं रेकॉर्डिंग मित्रांच्या ग्रुपवर टाकतात. ऐकायला मजा येते, पण त्याच्याकडे आपला नंबर आणि बहुधा पत्ताही असतो, हे विसरून चालत नाही.

वेळ आपल्या बाजूने असतो, हे पोलिसांनाही तुलनेने उशिराच कळलं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलीस प्रकरणाचा शेवट रक्तपातात झाला. त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांतले मानसशास्त्र शिकलेले हार्वी श्लॉसबर्ग यांनी ओलीस प्रसंगांत घाई न करता बोलत राहण्याची पद्धत बसवली. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनमधल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात बंदुकधाऱ्यांनी लोकांना ओलीस धरलं. सुरुवातीच्या गोळीबारात एक पोलीस मारला गेला. तरी पोलिसांनी आत घुसायची घाई केली नाही आणि वेढा ४७ तास चालला. ओलिसांतच असलेल्या दुकानाच्या मालकाला मात्र इमारतीची खडान्‌खडा माहिती होती. आडभिंतीमागे गच्चीकडे जाणारा जिना आहे, हे त्याला ठाऊक होतं. संधी मिळताच तो सगळ्या ओलिसांना घेऊन त्या वाटेने वर निसटला. ओलीस गेल्यावर आतल्यांकडे सौदा करायला काही उरलं नाही आणि ते शरण आले. पहिल्याच तासात धुमश्चक्री झाली असती तर तो जिना त्याच्या कामी आला असता का, कोण जाणे.

उसंत मिळवायचा सगळ्यात स्वस्त उपाय नाकाखालीच आहे. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना किंचित वाढतात. म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की धडधड उतरते. २०१७ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात मेंदूच्या देठातल्या श्वासकेंद्रातून सुमारे १७५ पेशींचा एक छोटा गट काढून टाकला, तर उंदरांचा श्वास चालू राहिला पण ते कमालीचे शांत झाले. श्वासाची गती मेंदूच्या जागृतीकेंद्राला कळवण्याचं काम त्या पेशी करत होत्या. प्राणायामाचे वर्ग गल्लोगल्ली असलेल्या या शहरात आणखी सांगायला नको. दुसरा उपाय कागदावरचा. "मला भीती वाटते आहे, अटकेची" असं नाव देऊन लिहून काढावं. भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची हालचाल कमी होते, असं २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना मेंदूच्या प्रतिमांत दिसलं.

समोर खरोखर सुरा असेल तर हिशेब वेगळा. तिथे विनोद करू नये, झटापट करू नये, साखळी असो वा पाकीट, देऊन टाकावं. अशा वेळी डोळे शस्त्रावरच खिळतात आणि चेहरा लक्षात राहत नाही, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९८७ मध्येच डोळ्यांच्या हालचाली मोजून दाखवलं होतं. जमलं तर नजर जाणूनबुजून वर उचलावी. कान, चपला, गाडीच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे, एवढं पुरतं. मग ११२ ला फोन.

पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. इथे, आणि फक्त इथेच, घाई आपल्या फायद्याची असते. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचं नुकसान मूळ फसवणुकीपेक्षा मोठं होऊ शकतं.

आता नातवाचा आवाज हुबेहूब काढणारी सॉफ्टवेअरही आली आहेत. "आजी, अपघात झालाय, पैसे पाठव" असा फोन आला तर विचारायला घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. तो फेसबुकवर कुठे नसावा आणि घाबरलेल्या अवस्थेतही आठवावा. फक्त 'बाकरवडी' ठेवू नका. पुण्यातलं घर म्हटल्यावर चोरालाही पहिला तोच सुचेल.