डोंगरावरची झाडं बुटकी का? फक्त थंडीमुळे नाही

उंच डोंगरावरचं रोप बुटकं असतं ते फक्त थंडी-वाऱ्यामुळे, खाली आणून लावलं की आपोआप उंच होतं, असं बरेच जण अजून ठामपणे सांगतात. हे खरं नाही आणि तपासून झालंय!

कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हाइसी या तीन शास्त्रज्ञांनी सिएरा नेवाडा पर्वतात वेगवेगळ्या उंचीवरून यारो या रानफुलाचं बी गोळा केलं आणि सगळं स्टॅनफर्डला समुद्रसपाटीजवळच्या एकाच बागेत लावलं, म्हणजे माती तीच, ऊन तेच, पाणी तेच, तरी शिखराकडची रोपं बुटकीच राहिली आणि खालच्या दरीतली चांगली उंच वाढली. हा रिपोर्ट 1948 चा आहे. म्हणजे बुटकेपणा जीन्समध्येच होता, पिढ्यान्‌पिढ्या नैसर्गिक निवड होऊन आलेला.

हवामानाचा परिणाम होतो ना, नक्की होतो. त्यांनी पोटेंटिला या दुसऱ्या रानफुलाच्या एकाच रोपाचे तुकडे करून, म्हणजे जीन्स तेच ठेवून, 30, 1400 आणि 3050 मीटर उंचीवर लावले तेव्हा प्रत्येक ठिकाणी वाढ वेगळी झाली. पण सखल भागातलं रोप वर नेलं तरी डोंगरी रोपासारखं टिकाऊ होत नाही, म्हणून वृक्षारोपणासाठी लांबून कुठलंही बी आणू नका, प्रजातीचं नाव तेच असलं तरीही.