रीझन की रीस्क्रिप्ट?

रीझन आणि रीस्क्रिप्ट ही एकाच प्रोग्रॅमिंग भाषेची जुनी-नवी नावं आहेत, असं पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे.

रीझन म्हणजे ओकॅमल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेला दिलेला नवा सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्याची पद्धत. वेबपेज घडवणारी रिअ‍ॅक्ट लायब्ररी लिहिणाऱ्या जॉर्डन वॉक यांनीच तो घडवला आणि २०१६ साली फेसबुकनं जाहीर केला. त्यातून ब्राउझरला कळणारी जावास्क्रिप्ट काढून देणारा कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम) होता बकलस्क्रिप्ट, ब्लूमबर्गमध्ये जन्मलेला. मेसेंजरच्या वेब आवृत्तीचा जवळपास निम्मा कोड २०१७ मध्ये याच जोडीवर चालत होता. पुढे २०२० मध्ये बकलस्क्रिप्टवाल्यांनी स्वतःचा सिंटॅक्स आणला, नाव रीस्क्रिप्ट केलं आणि वेगळी चूल मांडली. रीझन ओकॅमलकडेच राहिला. त्यातून ब्राउझरचा कोड हवा असेल तर आता मेलांज हा कंपायलर वापरतात, आणि हा मेलांजही बकलस्क्रिप्टचाच फोर्क, म्हणजे त्याच्या कोडमधून फुटलेली फांदी! घोळ होणार नाही तर काय?

रीझन आणि रीस्क्रिप्ट दोन्हींचे टाइप आणि पॅटर्न मॅचिंग (डेटाच्या आकारानुसार वाट निवडणं) इतके सारखे की वरवर पाहून फरक कळत नाही. कंसांकडे मात्र नीट बघा. [१, २, ३] हे रीझनमध्ये लिस्ट असतं, रीस्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे. रीझनमध्ये अ‍ॅरे हवा तर चौकटी कंसांच्या आत दोन्ही बाजूंना उभी रेघ द्यावी लागते. रीस्क्रिप्टमध्ये लिस्टसाठी 'लिस्ट' लिहून पुढे महिरपी कंस. हा नुसता दिसण्याचा फरक नाही. अ‍ॅरेचा थेट जावास्क्रिप्टचा अ‍ॅरे होतो, लिस्टचे मात्र एकात एक गुंतलेले ऑब्जेक्ट. बाइंडिंगमध्ये (जावास्क्रिप्ट लायब्ररीशी जोडणाऱ्या कोडमध्ये) अ‍ॅरेच्या जागी चुकून लिस्ट लिहिली, तर कंपायलर हूं की चूं करत नाही. लायब्ररीनं त्यावर अ‍ॅरेचा मॅप (प्रत्येक घटकावर काम करणारं फंक्शन) चालवला की ब्राउझरमध्ये सगळं कोसळतं. जुन्या ट्युटोरियलमधला कोड उचलताना म्हणूनच जपून.

निवड कशी करायची? सगळं काम ब्राउझरपुरतं असेल तर मी रीस्क्रिप्टच घेईन. सेटअप सोपा, आणि निघणारा जावास्क्रिप्ट वाचता येण्याजोगा. सर्व्हर ओकॅमलमध्ये असेल आणि तेच टाइप दोन्हीकडे हवे असतील, तर रीझन आणि मेलांज. रीस्क्रिप्टमधून नेटिव्ह (थेट मशीनवर चालणारा) प्रोग्रॅम निघत नाही, त्यामुळे तिथे तो बादच.

हाती आलेला जुना प्रोजेक्ट कुठला, हे फाइलच्या शेपटीवरून कळतं: डॉट आर-ई असेल तर रीझन, डॉट आर-ई-एस असेल तर रीस्क्रिप्ट. एकाच फोल्डरमध्ये दोन्ही दिसले, तर स्थलांतर अर्ध्यावर सोडलंय असं धरून चाला.