महारुखावरचा केशरी पतंग

महारुखाच्या झाडावरचा केशरी पतंग, म्हणजे फुलपाखरासारखा कीटक, ओळखून त्याची नोंद करायची तर आधी झाड ओळखायला हवं. वडोदऱ्यात महारुख शोधत हिंडावं लागत नाही. रस्त्याकडेला किंवा शेताच्या बांधावर सरळसोट राखी खोड आणि हातभर लांब संयुक्त पानं (एका देठावर पानासारख्या अनेक पर्णिका) दिसली की बहुधा तोच. लांबून कडुनिंब वाटतो, पण महारुखाच्या पर्णिका बऱ्याच मोठ्या, कडेचे दाते ओबडधोबड. गुजराती शेजारी याला ‘अरडूसो’ म्हणतात. ‘अरडूसी’ म्हणजे मात्र आपला अडुळसा! ऐकण्यात एवढी चूक झाली, की नोंदीत पतंग बरोबर आणि झाड भलतंच.

पावसाळ्यात नवी पालवी फुटली की शेंडे बघा. कोवळी पानं रेशमी धाग्यांनी एकत्र ओढलेली आणि धाग्यांत विष्ठेचे काळे कण अडकलेले दिसले, तर आत या केशरी पतंगाच्या, म्हणजे ‘अटेव्हा फॅब्रिसिएला’च्या अळ्या असण्याची शक्यता दाट. शास्त्राला हा पतंग १७८७पासून ठाऊक आहे. अळ्या घोळक्याने राहतात, कोषही जाळ्यातच करतात. रोपाचा शेंडाच खाल्ला गेला तर त्याची वाढ खुंटते.

पतंग नखापेक्षा थोडा लांब. पंख अंगाभोवती लपेटून सुरळीसारखा बसतो. पुढचे पंख केशरी-तांबूस, त्यांवर पांढरे ठिपके. खुळखुळा या वनस्पतीवर वाढणारा युटेथेइसा पतंगही ठिपक्यांचाच, पण त्याचे पंख पांढरट आणि ठिपके लाल-काळे. महारुखावर लांब केसांच्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या एलिग्मा या मोठ्या पतंगाच्या. त्याचा कोष खोडाला चिकटलेला असतो, सालीचा तुकडाच वाटावा असा.

फोटो तीन हवेत: वरून, बाजूने आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. फ्लॅश टाळा, चकाकीत पांढरे ठिपके विरून जातात. चौथा फोटो पूर्ण पानाचा. तो बहुतेकजण विसरतात आणि नंतर झाडाची खात्री करता येत नाही. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि अळी, कोष की पतंग, हे तिथल्या तिथे लिहा.

अळीवरून खात्री होत नसेल तर जाळ्यासकट डहाळी आणून पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचा. बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या पाण्यात उतरून बुडतात. वर मोठी बरणी, तोंडाला मलमल. प्लास्टिकचं झाकण लावलंत तर आत घाम धरतो, बुरशी येते. विष्ठा रोज काढा, पाला ताजा द्या. कोषातून पतंगाऐवजी चिमुकली गांधीलमाशी निघाली तर हिरमुसू नका. ती त्या पतंगावरची परजीवी. तिचीही वेगळी नोंद करा, त्याच झाडाच्या नावासह.