फ्लॅशचं गळकं माळवद

भाच्यानं परभणीतल्या एका बंद होणाऱ्या फोटो स्टुडिओतून जुना फ्लॅश घेतला. चार वर्षं तो पत्र्याच्या खोलीत पडून होता. नवे सेल टाकले, बटण सरकवलं, तरी दिवा नाही की आवाज नाही. "मामा, ह्यात जीवच नाही," म्हणत तो माझ्याकडे आला. बसलेल्या धंद्यातली वस्तू आहे, आधी लिंबू उतरवून टाक, असंही त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

लिंबू लागलंच. सेलच्या कप्प्यातल्या पत्तीवर पांढरा थर होता. अल्कलाइन सेल गळला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. हा थर वीज अडवतो, पण लिंबातल्या सायट्रिक आम्लात विरघळतो. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन पत्ती घासली, ओल्या फडक्यानं पुसली, वाळवली. वस्तूला नजर लागते म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ती पत्ती दाखवीन.

आता बारीक 'कुईं' ऐकू आली. चार सेल मिळून 6 व्होल्ट, आणि फ्लॅशला लागतात 300 च्या आसपास. हा दाब वाढवतो ट्रान्सफॉर्मर. त्याला बदलता प्रवाह लागतो, म्हणून ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतो. तोच हा आवाज. पण तो वर चढेना आणि फ्लॅश भरल्याचं सांगणारा लाल दिवाही लागेना. दोष पुढे होता, वीज साठवणाऱ्या कंडेन्सरमध्ये.

हा कंडेन्सर मला फार आवडतो. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीची गुंडाळी आणि द्रवात भिजलेला कागद असतो. वीज अडवण्याचं काम करतो तो पट्टीवरचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर. त्याची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. कोरडी हवा मिलिमीटरला 3000 व्होल्टला हार मानते. हा थर मिलिमीटरच्या हिशेबानं सहा लाख व्होल्टचा ताण सोसतो.

आपल्याकडचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आठवा. पावसाळ्याआधी दरवर्षी पांढरी माती टाकून भेगा बुजवाव्या लागतात. चार वर्षं कुणी वर चढलं नाही की घर गळतं. कंडेन्सर वापरात नसला की आतला द्रवच ऑक्साइडचा थर हळूहळू खातो, जागोजागी तो विरळ होतो. मग ट्रान्सफॉर्मर जितकी वीज भरतो तितकी गळून जाते, दाब चढत नाही. उष्णतेनं हे लवकर होतं. अशा कंडेन्सरचं आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं, हा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. परभणीच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

पण हे माळवद स्वतःला लिंपतं. थर जिथे विरळ, तिथून प्रवाह जास्त वाहतो. तो प्रवाह द्रवातल्या पाण्याचा ऑक्सिजन ॲल्युमिनियमपर्यंत नेतो आणि तिथेच नवं ऑक्साइड तयार होतं. थर जाड झाला की प्रवाह आपोआप कमी होतो. भोक स्वतःच्या गळतीनंच बुजतं! घाई मात्र नको. प्रवाह फार झाला तर द्रव तापतो, हायड्रोजन साठतो, कंडेन्सर फुगतो.

आम्ही पाच मिनिटं फ्लॅश चालू ठेवला, मग बंद करून गार होऊ दिला. अंगाला गरम लागला की जास्त वेळ थांबलो. चौथ्या खेपेला लाल दिवा लागला. त्यानंतर पूर्ण ताकदीनं फ्लॅश उडवायचा, पुन्हा भरू द्यायचा, असं दहा-बारा वेळा केलं. दिवा लागायला आधी 40 सेकंद जात होते, शेवटी 12.

हे सगळं कव्हर न उघडता करायचं. 1000 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर 300 व्होल्टला भरला की त्यात 45 ज्यूल ऊर्जा असते, किलोभर वजन साडेचार मीटर उचलेल इतकी. ती छातीतून गेली तर जीव जाऊ शकतो, आणि सेल काढल्यावरही ती बराच वेळ आत राहते.

भाचा लगेच फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवायला निघाला. त्याला थांबवलं. काही जुन्या फ्लॅशच्या बुडातल्या मधल्या टोकावर 200 व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो, आणि बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांना तो सोसत नाही. मल्टीमीटर आणायला तो आता शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे गेला आहे.